प्लग कुणाच्या हातात

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. दुरुस्तीच्या टेबलावर एक अँप्लिफायर झाकण काढून ठेवलाय. त्याच्यावर वाकलेला दुकानदार, ज्याला सगळी गल्ली दादा म्हणते, विचारतो, "हातात आहे?"

"आहे," दाराजवळच्या खुर्चीतून धाकटी म्हणते. धाकटी म्हणजे त्याच्या मेलेल्या भावाची बायको. अँप्लिफायरचा प्लग तिच्या मुठीत आहे.

हे उत्तर आल्याशिवाय दादा आत हात घालत नाही. मीटर आधी चालू सॉकेटवर लावून ते खरं बोलतंय ना बघतो, मग अँप्लिफायरला लावतो. प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर वीज धरून बसतात. ते रेझिस्टर लावून रिकामे करायचे, पुन्हा मोजायचं. उजवा हात आत घालताना डावा खिशात, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीपार जायला नको.

"दुकान आहे की ऑपरेशन थिएटर?" शेजारचा शिंपी दारातून डोकावतो. "पेशंट टेबलावर, नातेवाईक दाराशी."

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने याच टेबलावर एक सेट उघडताना प्लग न काढता बोर्डाचं नुसतं बटण बंद केलं होतं. सेटचा दिवा विझला, घरघर थांबली. पण जुन्या बोर्डात कुणीतरी ते बटण वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रल तारेवर जोडून ठेवलं होतं. बटण बंद, तरी फेज सेटमध्ये शाबूत. त्याचा एक हात आत होता, दुसरा पत्र्याच्या खोक्यावर. दादा तिथेच पाठमोरा उभा होता. त्याला काहीही ऐकू आलं नाही.

बोर्ड लगेच बदलला. पण तेव्हापासून गप्प झालेलं यंत्र दादाला सोसत नाही. घरी फ्रिजची घरघर थांबली की तो उठून बसतो. "चालू असला की झोपता, थांबला की जागे. उलटीच तऱ्हा तुमची," बायको म्हणते.

आता धाकटीला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम मिळालंय, उद्यापासून. तिच्याशिवाय दादाचा हात आत जाणार का, हे दोघांनाही ठाऊक नाही.

"महिनाभर थांबली असतीस," दादा म्हणतो.

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालात. मी काय जन्मभर प्लग धरून बसू, दादा?"

ती उठते आणि प्लग त्याच्या डाव्या खिशात टाकते. "हा हात नाहीतरी रिकामाच असतो. धरा." आणि शिंप्याकडे निघून जाते.

दादा मोजतो. शून्य. पुन्हा मोजतो. शून्यच.

"हातात आहे?" तो रिकाम्या खुर्चीला विचारतो.

बाहेर कुणीतरी शटर वर करतं. मग दुकानात "आहे" ऐकू येतं. आवाज दादाचा स्वतःचा, पण शेवटचं अक्षर लांबवायची ढब धाकट्या भावाची. दादा मागे वळत नाही. खिशातली मूठ आवळतो, प्लगच्या पिना तळव्यात रुततात. उजवा हात आत जातो.

धाकटी शिंप्याच्या दारातून हे बघते. कपॅसिटर बदलून होईपर्यंत ती हलत नाही, आणि आतही येत नाही.

उद्या तिला आठ वाजता प्रयोगशाळेत हजर व्हायचंय. दुकान साडेनऊला उघडतं. पहिलं काम जुन्या टीव्हीचं आहे, तो वीज याहूनही जास्त धरून बसतो.