नव्वद दिवसांचं कलम

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी नानाकाका गेले. काकूंचा फोन सव्वानऊला आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते.

नानाकाका मूळचे अकोल्याचे. बँकेत शाखा तपासनीस म्हणून बदल्या होत होत जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथल्या मानसरोवर वसाहतीतच, आमच्या खालच्या मजल्यावर राहिले. नात्याने माझे कोणी नव्हते, पण मराठी बोलायला त्या इमारतीत आम्ही दोनच घरं, त्यामुळे काका म्हणजे काकाच. मला ते ‘साहित्यिक बाई’ म्हणत. कौतुकाने म्हणत की टोमणा मारत, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. कागदावर आहे तेवढंच सांगायचं, अशी नोकरीभराची सवय... आणि त्याच सवयीने त्यांना शेवटची काही वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही.

काकांच्या समोरच्या घरातल्या सुशीलाजी शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा मिळालेली सगळी रक्कम घेऊन एका क्रेडिट सोसायटीत निघाल्या होत्या. आधी माहितीपत्रक काकांना दाखवायला आणलं. ‘‘भाईसाहब, आप तो बैंकवाले हो. ठीक है ना ये?’’ काकांनी पानं उलटली आणि म्हणाले, ‘‘रजिस्टर्ड तो है.’’ बास. सुशीलाजी हसल्या, ‘‘आपने कह दिया, अब क्या पूछना!’’ आणि पैसे भरून आल्या. दोन वर्षांनी सोसायटीचं शटर खाली आलं, ते आलंच. काका बाल्कनीत फेऱ्या मारायचे. मला एकदा म्हणाले, ‘‘मी खोटं नाही बोललो गं. पण ती काय समजून राहिली, ते मला दिसत होतं. तरी गप्प बसलो.’’

तेव्हा विरोधात असलेला एक पक्ष ठेवीदारांसाठी धरणं धरत होता. काका टोपी घालून त्यात जाऊन बसायचे. निवडणूक आली, पक्षाने जाहीरनाम्यासाठी सूचना मागवल्या. काकांनी एक पान लिहिलं, मराठीत, आणि मी त्याचं हिंदी केलं. सोसायटीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा, इथल्या ठेवींना विमा नाही. सोसायटी बुडाली तर लहान ठेवीदारांचे पैसे नव्वद दिवसांत आधी परत करा. तसं झालं नाही तर कोणत्या अधिकाऱ्याने तपासणी टाळली, त्याचं नाव जाहीर करा. पक्षाच्या जाहीरनामा समितीचे एक पदाधिकारी काकांना म्हणाले, ‘‘नानाजी, यही हमारा स्टैंड है.’’ त्या दिवशी काकांनी इमारतीत कचोऱ्या वाटल्या. सुशीलाजींना दोन जास्त.

पुढच्या आठवड्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते पट्टी बांधून पडले होते, आणि त्या पदाधिकाऱ्यांचा फोन मला आला. ‘‘मैडम, जगह एक लाइन की है. आप तो भाषा की जानकार हैं, सुंदर-सा कर दीजिए.’’ खाली जाऊन काकांना विचारायला पंधरा पायऱ्या होत्या. मी गेले नाही. दहा मिनिटांत लिहून पाठवलं: ‘जमाकर्ताओं के हितों की रक्षा के लिए हम सदैव प्रतिबद्ध रहेंगे.’ नसण्यापेक्षा बरं, असं वाटलं. खरं सांगायचं तर वाक्य मला आवडलंही होतं.

पक्ष जिंकला. काका जाहीरनाम्याची पुस्तिका घेऊन सिविल लाइंसमधल्या मंत्र्यांच्या बंगल्यांवर जनसुनावणीला जाऊ लागले. कधी सुशीलाजींना बरोबर घेऊन, कधी एकटेच. एकदा परतले ते जिन्यातच बसले. ‘‘मंत्री म्हणतो, रक्षा लिखा है, रक्षा कर रहे हैं. आता काय बोलू? त्यात दिवस नाहीत, कोणाचं नाव नाही, काही नाही...’’ मग पुस्तिका माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘हे कोणी लिहिलं असंल गं? नव्वद दिवस कोणी काढले?’’

मी म्हणाले, ‘‘असेल समितीतलं कोणीतरी.’’

यानंतरही ते जात राहिले. मी अनेकदा ठरवलं, आज सांगायचं. त्यांच्या दारापर्यंत गेले, चहा प्यायले, परत आले. शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती, तरी विषय तोच. नवीन अर्ज लिहायचा आहे, रविवारी ये, म्हणाले. मी रविवारी गेले नाही. सोमवारी...

तेराव्याला सुशीलाजी आल्या होत्या. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. त्या पुऱ्या मोजत होत्या, थांबल्या. म्हणाल्या, ‘‘भाईसाहब को बताना था, बेटा. मुझे बताके क्या होगा?’’ आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

सुशीलाजींची ठेव अजून मिळालेली नाही. ठेवीदारांबद्दल पक्षाची भूमिका म्हणून आज ते एकच वाक्य छापलेलं आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे.