एकदाच विचारणारा साडू

माझ्या साडूनं मला फसवलं. व्यवहारात नाही. व्यवहारात मला फसवणारा माणूस अजून आमच्या टेक्ससमधल्या अर्विंग गावात उतरायचा आहे. त्यानं मला विचारण्यात फसवलं. एकदाच विचारलं आणि फोन ठेवला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आयटीवाला. आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर राहतो. लग्नाआधी कंपनीनं त्याला दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं, आणि ती दोन वर्षं तो अजून आम्हाला वाढतोय. आमच्याकडे आला की त्याला दक्षिण इंग्लंडमधली खेडी आठवतात. गवतानं शाकारलेली घरं, डोकं आपटेल अशी बुटकी दारं, शेकोटीपाशी पसरलेली कुत्री. "पब म्हणजे बार नव्हे हो साडूभाऊ. गावाचा पार असतो तो, पार! ताईंना एकदा दाखवायचाच. जाऊ तर चौघं जाऊ."

माझी बायको हे ऐकताना हातातलं काम थांबवायची. इकडे येण्याआधी ती कराडजवळच्या एका शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होती. पुस्तकात एक धडा होता. त्यातला वाटसरू एका खेड्यातल्या 'इन'मध्ये उतरतो. मुलं विचारायची, "बाई, इन म्हणजे लॉज का?" ती म्हणायची, "तसंच काहीतरी." अकरा वर्षं तसंच काहीतरी. ते तिला अजून सलतं.

मार्चमध्ये साडूचा फोन आला. "आम्ही मेमध्ये इंग्लंडला चाललोय. येताय का तुम्ही?"

मी म्हणालो, "छे छे, आमचं कुठे जमतंय! दुकान कोण बघणार? तुम्ही जाऊन या."

आता हे काय उत्तर झालं? हा पहिला नकार होता. यावर त्यानं म्हणायचं, "असं कसं, तुमच्याशिवाय काय मजा?" मग मी म्हणणार, "बघतो." मग त्यानं थोडं रागवायचं आणि मी तयार व्हायचं. मी या गावात पेट्रोल पंपावर उभा राहून सुरुवात केली आणि आज माझं स्वतःचं किराणा दुकान आहे. घाऊक व्यापाऱ्याचा पहिला भाव हा भाव नसतो, हे ओळखूनच इथवर आलो. माणसाच्या पहिल्या 'नको'चंही तेच असतं.

हा म्हणाला, "ओके, नो प्रॉब्लेम." आणि फोन ठेवला.

मेमध्ये ग्रुपवर फोटो यायला लागले. मेव्हणी एका बुटक्या दारातून वाकून बाहेर येतेय. खाली लिहिलंय, 'ताई, भाऊजी, मिसिंग यू!' मिसिंग म्हणे! माझं डोकं सणकलं. मी बायकोला म्हटलं, "चल, गाडीत बस. अमेरिकेत काय पब नाहीत?" टेक्ससच्या दक्षिणेकडच्या लहान गावांत इंग्लिश म्हणवणारे तीन पब मला सापडले. शनिवारी सकाळीच निघालो.

पहिला एका टायरच्या दुकानाला चिकटून होता. दारात लाल टेलिफोन बूथ, आणि बूथमध्ये फरशी पुसायचे मॉप. आत सहा टीव्ही, सहाही टीव्हींवर बेसबॉल. बायकोनं चहा मागितला तर बर्फानं भरलेला गोड पेला आला. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "सरबत बरं आहे."

दुसऱ्याच्या छताला काळ्या जाडजूड तुळया होत्या. मी खुर्चीवर चढून एकीवर टिचकी मारली. पोकळ. मॅनेजरला बोलावलं. "हे लाकूड नाही." तो खुशीत म्हणाला, "नो सर, फोम! एकदम हलकं." मग इथे इंग्लिश काय आहे, असं मी विचारलं. त्यानं बराच विचार केला आणि व्हिनेगरच्या बाटलीकडे बोट दाखवलं. माझा आवाज चढला.

"अहो, त्याच्याशी काय भांडताय?" बायको म्हणाली. "तो काय तुमचा साडू आहे?"

तिसरा पब जुन्या कोर्टासमोरच्या चौकात, अक्रोडासारख्या पेकनच्या झाडांखाली. मालक खरोखरच दक्षिण इंग्लंडमधल्या खेड्यातला निघाला. लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नाही. बायकोनं त्याला विचारलं, इन आणि पबमध्ये फरक काय? त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला. इनमध्ये वर मुक्कामाच्या खोल्या असायच्या, मागे घोड्यांचा तबेला. लोकांना वाचता यायचं नाही म्हणून पाटीवर चित्र. बायकोनं पर्समधून पेन काढलं आणि कागदी नॅपकिनवर लिहून घ्यायला लागली. तिचा तो चेहरा मी कराड सोडल्यापासून पाहिला नव्हता. माझ्यापुढचा मासा थंड होऊन तेलकट झाला, पण मी तक्रार केली नाही. निघताना म्हातारा म्हणाला, "मॅडम, यू मस्ट गो." तिनं नॅपकिन घडी करून पर्समध्ये ठेवला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आपण दोघंच जाऊ. ऑगस्टमध्ये."

"नको."

मला बरंच वाटलं. पहिला नकार. "असं कसं? जायचंच."

"नको म्हटलं ना."

तिसऱ्या वेळी मी रीतीप्रमाणे रागावलो. दुकान बंद ठेवतो म्हणालो. ती खिडकीबाहेर गवताचे भारे बघत होती. "धाकटी जाऊन आली. आता मी गेले तर तिचं बघून गेल्यासारखं होईल. मोठी आहे मी. आणि तुम्ही फोनवर नको म्हणालात तेव्हा मी शेजारीच मेथी निवडत होते. तुम्ही तरी कुठे विचारलंत मला?"

माझी चूक झाली, लिहून देतो. पण म्हणून तो सुटत नाही. अमेरिकेत राहून तो आग्रहाची रीत विसरला, असं मेव्हणी म्हणते. विसरला? पंधरा वर्षं तो आमच्याकडे जेवतोय. श्रीखंड आलं की ताटावर आडवा हात धरतो. "नको ताई, खरंच नको, पोट फुटेल." ती त्याच्या बोटांमधून वाढते आणि तो वाटी चाटून पुसून साफ करतो. पंधरा वर्षांत एकदाही तिनं त्याचा पहिला नको खरा मानला नाही, आणि त्यानं एकदाही तक्रार केली नाही. म्हणजे रीत त्याला पाठ आहे. घेताना पाठ आहे, विचारताना नाही.

येत्या रविवारी तो येतोय, फोटो मोठ्या टीव्हीवर दाखवायला. टीव्ही मी लावणार नाही. आधी त्यानं माझ्या बायकोसमोर बसावं आणि तिला सांगावं, दुसऱ्यांदा का विचारलं नाही ते. सॉरी नको, नो प्रॉब्लेम नको. मराठीत सांगावं.