गाबोळीवरची हरकत

सरकार पेपरात मुंगीएवढ्या अक्षरात जी जाहीर सूचना छापतं, ती शेवटपर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. बाकीचे लोक त्या कागदात चणे बांधून घेतात. आमचे व्याही चणे वाटीत ओतून आधी पुडी वाचायचे. मी चौथी शिकलेला माणूस. भांडुपच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होतो. मशीन बिघडलं की नुसता कान लावून कुठे बिघडलंय ते सांगायचो, आणि इंजिनियर मान डोलवायचे. पण हा माणूस आतून कसा चालतो ते मला काही उमगलं नाही, हे मी इथे कबूल करतो. एरवी मी काही कबूल करणाऱ्यातला नाही.

व्याही मुलुंडला राहायचे. एका सरकारी कचेरीत आवक-जावकीच्या टेबलावर बसून रिटायर झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले, त्यामुळे असेल, स्वतः अर्ज करायची त्यांना फार हौस. 'हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत मागवण्यात येत आहेत' हे वाक्य दिसलं की त्यांना घरी अक्षत आल्यासारखं वाटायचं. सरकार एवढं बोलावतंय आणि आपण जायचं नाही? म्हणून ते प्रत्येकाला जायचे. गटाराच्या नव्या रेषेला, दुधाच्या केंद्राच्या वेळेला, ज्यांनी जन्मात रेडिओ घेतला नाही त्यांनी रेडिओच्या लायसनलासुद्धा सूचना पाठवली. एकदा मुलुंडचा एक बसथांबा शंभर पावलं पुढे न्यायचं घाटत होतं. हे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे उभे राहून चढणारे किती, उतरणारे किती, ते मोजत राहिले. कंडक्टर दाराशी वाकून विचारायचा, "काका, येताय, की नुसतं मोजताय?" हे म्हणायचे, "मोजतोय. जाऊ दे गाडी." थांबा होता तिथेच राहिला. तो यांच्या पत्रामुळे राहिला की सरकार विसरलं म्हणून, ते देवाला ठाऊक. पण पुढे त्या रस्त्याने जाताना व्याही त्याच्या खांबावर हात ठेवून जायचे, जसा आपण वळवून आणलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतो.

प्रत्येक पत्राच्या कार्बन घालून तीन प्रती. पहिली सरकारला, दुसरी फाइलला, तिसरी मला. खाली बारीक लिहिलेलं असायचं, 'प्रत : व्याही, भांडुप, यांस माहितीसाठी.' मला त्या माहितीचं लोणचं घालायचं होतं काय? पण पोस्टमन आमच्या चाळीत ओरडून सांगायचा, "सरकारी टपाल!" आणि चार शेजारी दारात यायचे, ते मला वाईट वाटत नसे, खोटं कशाला बोलू. आमच्या शालूचं लग्न ठरलं तेव्हा यांनी मला लग्नाचा मसुदा पाठवला होता. वऱ्हाड किती, पंगती किती, जिलबी की बुंदी, सगळं कलमवार. आणि शेवटी, 'हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात.' मी सोळाव्या दिवशी तोंडी सांगितलं, बुंदी नको. हे म्हणाले, "मुदत संपली." लग्नात बुंदीच झाली. मी ती खाल्ली नाही.

आता एवढं असून हा माणूस मला आवडायचा, त्याला कारण मासळी. आम्ही दोघेही मालवणकडचे. मासळीबाजारात व्याही गेले की हिराबाई कोळीण फळीवर पाणी मारून बसायची, परीक्षा असल्यासारखी. हे मासा हातात घेऊन कल्ले बघणार, डोळे बघणार, मग विचारणार, "कुठला? कोणाच्या जाळ्यातला? कधी निघाला?" हिराबाई म्हणायची, "याची पत्रिका पन आनू काय?" आणि सगळ्यांत जीव गाबोळीवर. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी. त्यातही पावसाळ्यात समुद्रातून खाडीत चढतो त्या पाला माशाची. ती तव्यावरून पानात आली की व्याही डोळे मिटायचे आणि संपेपर्यंत उघडायचे नाहीत. मध्ये कोणी बोललं तर डावा हात वर करायचे, पोलीस गाडी थांबवतो तसा.

आणि नेमकी त्याच गाबोळीवर सरकारची सूचना निघाली. खाडीतली काही मासळी संपत चालली आहे, तेव्हा पावसाळ्याचे दोन महिने गाबोळीची मासळी पकडू नये, विकू नये, असं करण्याचा विचार आहे. लोकांना काय वाटतं ते कळवावं. लोकांना काय वाटणार? लोक चणे खात होते. व्याह्यांनी मात्र सूचना वहीत चिकटवली, चार पानी पत्र लिहिलं, बंदीला पाठिंबा दिला आणि कोणाला न सांगता गाबोळी सोडली.

हे मला ठाऊक नव्हतं. तिसरी प्रत अजून पोस्टात होती. आषाढाचा महिना, शालूला सहावा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्यात बापाने जाऊन लेकीला घेऊन यायचं, ही आमच्याकडची रीत. त्याचं बोलणं करायला मी व्याह्यांना जेवायला बोलावलं. आता व्याही जेवायला येणार म्हणजे पानात पाल्याचं डोकं आणि गाबोळी ही पडलीच पाहिजे, घरच्यांना वाससुद्धा मिळाला नाही तरी चालेल. हिराबाईकडे मी आठ दिवस खेटे घातले तेव्हा कुठे एक पाला मिळाला. आमच्या हिने गाबोळी अशी भाजली की चाळीतली मांजरं जिन्यावर ओळीने बसली. मी स्वतःच्या हाताने वाढली. म्हटलं, "घ्या व्याहीबुवा. आपल्या भांडुपच्या खाडीची आहे, ताजी."

व्याह्यांनी ताट दोन बोटांनी मागे सारलं. "हिला उचला."

"का? वास येतोय?"

"नाही. मसुदा निघालाय."

"पानात मसुदा?"

त्यांनी सगळं सांगितलं, कलमं सांगितली. मी म्हटलं, "कायदा झालाय?"

"अजून नाही. हरकती मागवल्यात."

"मग होईपर्यंत खा की!"

"उद्या साहेबांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाळता का, तर काय सांगू?"

"साहेब तुमच्या पोटात वाकून बघणार आहे?"

"मी बघतो ना," व्याही म्हणाले, आणि आमटीभात कालवून जेवू लागले. डोळे उघडे ठेवून.

माझ्या आयुष्यात माझ्या घरचं वाढलेलं कोणी परत केलं नव्हतं. कारखान्यात मालक आला तर तोही माझ्या डब्यातलं मागून खायचा. मी व्याह्यांना जिन्यापर्यंत पोचवायलासुद्धा उठलो नाही. आणि ते गेल्यावर सांगून टाकलं, "हा माणूस माझ्या घरी गाबोळी खाईल, तेव्हाच मी त्याच्या दारात पाय ठेवीन."

आमची ही म्हणाली, "आणि शालूला कोण आणणार?"

"बघू."

"बघू काय? पोरगी काय गाबोळीला बांधली आहे?"

पण मी एकदा बोललो म्हणजे बोललो. आषाढ संपला, शालूला सातवा लागला. मुलुंडहून पाकीट आलं : 'सौ. सूनबाईंस माहेरी नेण्याबाबत.' मी उत्तर दिलं नाही. आठ दिवसांनी दुसरं : 'स्मरणपत्र क्रमांक एक.' मग क्रमांक दोन. ही रोज स्वयंपाक करताना भांडी आपटायची, आणि जावयाच्या हाती शालूचा निरोप आला, 'बाबा, तुम्ही दोघं काय ते ठरवा, पण नववा लागायच्या आत ठरवा.' त्या निरोपाने मी हललो, पण उलट्या बाजूला. म्हटलं, यांना कागदच कळतो ना? मग कागदच देतो. दुकानातून फुलस्केप आणला. तीन संध्याकाळी बसलो. चौथी शिकलेल्या हाताला पान्याची सवय, पेन सारखं घसरायचं. लिहिलं ते असं : 'खाडीत मासळी भरपूर आहे. मी स्वतः गाबोळीचा पाला आणला आहे. तरी आमचे व्याही जे म्हणतात त्याच्या उलट करावे.' खाली सही ठोकली आणि तीस दिवस व्हायला दोन दिवस असताना पोस्टात टाकलं. मुदतीत.

श्रावण सरता सरता सुनावणीचं बोलावणं आलं, दोघांनाही. मुलुंडच्या एका शाळेचा हॉल, बसायला चौथीच्या पोरांचे बाक. मी त्या इयत्तेचा, त्यामुळे बसलो आरामात. व्याही उंच, त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. मागे होडीवाले कोळी उभे, बायकांत हिराबाई, तिच्या शेजारी आमची ही. मी नको म्हटलं तरी आलीच. कोळ्यांच्या पुढाऱ्याने बंदी नको म्हणून सांगितलं, आणि मग चष्मेवाला तरुण साहेब म्हणाला, "आता नागरिकांच्या सूचना. एकूण दोन आल्या आहेत." त्याने माझा कागद मोठ्याने वाचला, खाली ठेवला, परत उचलला. "आजोबा, शेवटच्या ओळीत मासा कुठे आहे?"

हॉल हसला. मी उभा राहिलो. "मासा वरच्या ओळीत आहे. खाडीत मासळी नाही म्हणतात ना हे? मी महिन्यामागे यांच्या पानात वाढली. आपल्या खाडीची. विचारा त्यांना."

व्याही बसल्या जागी म्हणाले, "वाढली होती. खरं आहे." माझ्या बाजूने बोलले! मला कळेना रागावू की काय करू.

तेवढ्यात मागून हिराबाई ओरडली, "ओ दादूस, बसा खाली! तो पाला कंचे खाडीचा? भाऊच्या धक्क्यावरशी आनलाय मी, बरफातला. आठ दिस तुमी माझं डोकं खाल्लंत, म्हनून आनला. आपले खाडीन दोन सालं झाली, गाबोलीचा पाला माझे डोल्यांनी बघला नाय."

मी बसलो. हॉलमध्ये हसण्याचा एकच कल्लोळ झाला, पण कोळी हसत नव्हते, ते मी बघितलं. पुढारीसुद्धा मान खाली घालून उभा होता. साहेब व्याह्यांना म्हणाला, "तुमची चार पानं आहेत. थोडक्यात सांगा."

व्याही बाकातून कसेबसे सुटून उभे राहिले. चार पानं हातात होती, ती त्यांनी उघडलीच नाहीत. जन्मभर सरकारी भाषा लिहिणारा माणूस, पण जीव ओतून बोलायचं झालं की मालवणीवर यायचा. "साहेब, ह्यो मासो रवता दर्यात. तां तेचा सासर. पिल्लां घालूक तेवडो खाडीत येता. आता माका सांगा, बाळंतपणाक म्हायेराक इलेल्या चेडवाक कोण दारातच धरता काय?"

माहेरी आलेल्या लेकीचं बोलताना ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांच्या डोक्यात फक्त मासा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मागून आमची ही माझ्याकडे बघत होती. मान न वळवता मला ते कळलं. चाळीस वर्षांचा संसार आहे.

मी उभा राहिलो. "साहेब, माझी हरकत मागे."

"लेखी द्या," साहेब म्हणाला.

आली का पंचाईत! मी खिसे चाचपतो तोवर व्याह्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, पेन काढलं, आणि सवयीने खाली कार्बनही घातला. मी त्यांच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. सही करता करता म्हटलं, "उद्या शालूला न्यायला येतो."

ते वाकलेलेच. म्हणाले, "एक पत्र, दोन स्मरणपत्रं पाठवली."

"मिळाली."

"पोच नाही दिलीत."

"ही घ्या पोच," मी म्हटलं आणि नावाखाली रेघ ओढली, जरा जोरातच, कागद फाटला.

शालूला मुलगा झाला, आमच्या घरी. व्याही नातवाला बघायला आले तेव्हा मी त्यांच्या पानात सुरमईचा शेपटीकडचा तुकडा वाढला, गाबोळीपासून सगळ्यात लांबचा. व्याह्याला शेपूट वाढणारा माणूस आमच्या चाळीने पहिल्यांदाच बघितला. त्यांनी दोनदा मागून घेतला.

कायदा यथावकाश निघाला. त्यात होड्यांचं होतं, जाळ्यांचं होतं, गाबोळीचं कलम मात्र गळलेलं. व्याह्यांना एक कार्ड आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' मी चिडलो, म्हटलं, आता तरी खा. ते म्हणाले, "त्यांनी नोंद घेतली म्हणतात. म्हणजे कुठेतरी लिहिलंय ना." आणि नाहीच खाल्ली. एकदाही नाही. शेवटच्या आजारात विहीणबाईंनी विचारलं, काही खावंसं वाटतंय का, तेव्हा पावसाळा होता. त्यांनी डोळे मिटले, लगेच उघडले आणि म्हणाले, "पेज चालेल."

व्याही जाऊन आता दोन पावसाळे झाले. मला सरकारी टपाल येत नाही. परवा बाजारात गेलो होतो; हिराबाईच्या जागी हल्ली तिची सून बसते. तिने पोट फुगलेला पाला माझ्यासमोर धरला. "आजोबा, गाबोलीवाला हाय. एकच आलाय. घेऊन जा."

मी म्हटलं, "चालत नाही. बंदी आहे."

"बंदी? कनी घातली?"

"आमच्या व्याह्यांनी."

ती हसली. "मंग त्यांनाच विचारा ना, कवा उठवतान ते."

मी तिला म्हटलं, आता ती कोण उठवणार. आणि चार बांगडे घेऊन घरी आलो.