पाटाखालची रांगोळी

आमचे दाजी एकवेळ चष्मा विसरत, पण खिशातला कागदाचा चिटोरा कधी विसरत नसत. माझ्या थोरल्या अक्काचे हे यजमान माझ्या घराजवळच, मस्तगड भागात राहायचे. तंत्रशाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. अक्का गेल्यावर त्यांनी लाकूड कोरायचं एक छोटं यंत्र आणलं, संगणकाच्या हुकमानं चालणारं, आणि त्यातच जीव रमवला.

फळी क्लॅम्पनं आवळायची, कोरणी तिच्या डाव्या कोपऱ्यावर आणायची आणि तो चिटोरा कोरणीखाली सरकवत ती केसाकेसानं उतरवायची. चिटोरा अडकला की तिथं शून्य, म्हणजे यंत्राची मोजणी तिथून सुरू. "यंत्राला डोळे न्हाईत, सुमन. मी दाखवीन त्या कोपऱ्यातूनच त्याची दुनिया सुरू होती."

मी तेव्हा पासष्टची, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. "दाजी, एका शून्याला दोन तास? तेवढ्यात मी पन्नास पोळ्या लाटते!"

"लाट की. एखादी गोल निघाली तर बोलाव मला."

पण दोन तास लागायचं कारण मला ठाऊक होतं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं विझत चालली होती. पुण्याचा मुलगा सारखा म्हणायचा, एकटे राहू नका, इकडे या. शेवटी दाजींनी त्याला सांगितलं, "दसऱ्याला ये. डोळे काम देतेत का न्हाई, तुझ्यासमोर दाखवतो."

त्यासाठी त्यांनी अक्काचा लग्नातला सागवानी पाट काढला. तिच्या हातची एक चिठ्ठी त्यांनी जपली होती, 'चहा झाकून ठेवलाय. गरम करून घ्या.' तीच तिच्या अक्षरात कोरायची होती. "हे बराबर उतरलं, की मंग मला हितून कुणी हलवत न्हाई."

दसऱ्याला सकाळभर खपून त्यांनी शून्य लावलं आणि ते अंघोळीला गेले. मी पूजेचं ताट घेऊन यंत्रापाशी आले. बघते तर काय, अक्काचा पाट आणि खाली रांगोळी नाही! आमच्या माहेरी रांगोळीवाचून पाट मांडत नाहीत. मी शहाणीनं क्लॅम्प सैल केले, पाट उचलला, खाली स्वस्तिक काढलं आणि पाट 'होता तिथंच' ठेवून पुन्हा आवळला. होता तिथंच! माझ्या नजरेवर माझा केवढा विश्वास!

मुलगा आला. यंत्र सुरू झालं. 'चहा' जरा तिरपा आला. 'गरम करून' कडेपर्यंत घसरलं आणि 'घ्या'च्या जागी कोरणी क्लॅम्पवर आपटून तुटली.

दाजींनी पाट उचलला. खाली पांढरं स्वस्तिक होतं. ते वाकून, अगदी जवळून बघत राहिले. मग मुलगा पुढं यायच्या आत त्यांनी तळहातानं ते पुसून टाकलं.

"काय झालं, बाबा?"

"काय व्हायचं? शून्य चुकलं माझं. डोळ्यांनी दगा दिला. बोल, कधी निघायचं?"

मी ताट धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. जन्मात कधी गप्प न बसलेली ही बाई नेमकी तेव्हा गप्प बसली. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हणाले. चौथ्या दिवशी दाजी मुलाबरोबर पुण्याला गेले.

"करमतं का, दाजी?" मी फोनवर विचारायचे.

"करमतं की. कशाला हातच लावू देत न्हाईत."

दोन वर्षांनी दाजी तिथंच वारले. मुलगा अजून म्हणतो, "मावशी, बरं झालं, दिसत नाही हे बाबांनी वेळेवर कबूल केलं."

मी हो म्हणते.