मापाची पेटी धरणारा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दुष्काळात मिरजगावजवळच्या माळावर आमच्या लोकांनी एक माणूस पुढारी केला आणि मी तो संपवला. हेव्यापोटी. दुसरं कारण शोधायचा फार प्रयत्न केला, सापडलं नाही.

आम्ही एका शाळेतले. तो सातवीत सुटला, मी मॅट्रिकपर्यंत गेलो. बहात्तरला दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. मागण्यांचे अर्ज मी लिहायचो, अगदी मुद्देसूद. तो कागद नुसता हातात धरायचा आणि म्हणायचा, "सायबाच्या जीपला पानी हाय, आमच्या हंड्याला न्हाई. मंग काय, आता जीप व्हायचं का आपन?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हसता हसता उठून उभ्या राहायच्या. मामलेदार, तालुक्याचे पुढारी, कारखान्याचे संचालक, सगळ्यांना तो एका दमात सोलायचा. महिन्याभरात म्हाताऱ्यासुद्धा त्याला 'भाऊ' म्हणू लागल्या. मी त्याच्याहून मोठा. मला म्हणायच्या, "ए अर्जवाल्या, सरक की! भाऊ दिसंना."

मी सरकायचो.

कर्जतच्या कचेरीवर मोर्चा ठरला. आदल्या संध्याकाळी बैठकीत सरकारी कामाचा मुकादम उठला. खडीचा ढीग मोजून झाला की वर चुन्याची फक्की मारत, तोच ढीग कुणी परत मोजून घेऊ नये म्हणून. मुकादम म्हणाला, "तुमच्या भाऊनं फक्की झटकून आपल्या टोळीचा ढीग दोनदा मोजून घेतलाय. इचारा ह्याला, मापाची पेटी ह्योच धरून हुता."

सगळे माझ्याकडं वळले. त्या माळावर पहिल्यांदाच.

भाऊ हसत होता. "सांग की गड्या, एकदाच न्हवं?"

एकदाच. फक्की माझ्यादेखत ढिगावर पडली होती आणि कुणी झटकली नव्हती. मी खाली बघून म्हणालो, "माझ्या नीट ध्यानात न्हाई."

आरडाओरडा झाला नाही. एक म्हातारी "ह्यो बी तसलाच व्हय" एवढंच बोलली आणि लुगडं झटकून उठली. साहेबानं खाल्लेलं त्यांना नवं नव्हतं. भाऊचं मात्र सोसवलं नाही. मोर्चाला एक बैलगाडी भरेल इतकीच माणसं निघाली. त्याच हंगामात तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. परतल्यावर चार माणसांत कधी बोलला नाही.

पुढं लोक माझ्या दारात आले, मी सरपंच झालो. पहिल्याच सभेत त्याचं जीपचं वाक्य म्हणून बघितलं. कुणी हसलं नाही, तर तेव्हाही त्याचाच राग आला.

तो अजून गावातच आहे. पारावर दिसला की "बरं हाय का?" विचारतो, मी "व्हय" म्हणतो आणि पुढं जातो. त्या बैठकीतली जी माणसं उरलीत त्यांच्यादेखत, त्याला समोर बसवून, खरं काय ते मला तोंडानं सांगायचं आहे. लिहून ते फिटत नाही.