जैबुनआपाचं कागदी दुकान

दुपारचे अडीच वाजले असतील. मी नातीच्या वेण्या घालत होते आणि फोन वाजला. जैबुनआपाची सून शबाना बोलत होती. "हिरामावशी, अम्मी गेल्या," एवढंच म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा... "पडली का गं कुठं?" "न्हाई मावशी, झोपेतच," ती म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. पण जुन्नरच्या पेठेतल्या आमच्या मसाल्याच्या दुकानात मी अकरा वर्षं त्याच एका भीतीत काढली, की आपा एक दिवस कशाला तरी अडखळणार आणि सगळं उघडं पडणार. ती कधीच अडखळली नाही. ते कसं जमलं हे आता लिहायला हरकत नाही. आता तिला कुणी कोपऱ्यात बसवू शकत नाही.

आपा मूळची शिवणकाम करणारी. अर्ध्या पेठेतल्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला, दोन मुलगे तिनं शिलाई मशीनच्या पायावर वाढवले. तिची एक रीत होती. नवं काहीही शिवायचं तर आधी ते वर्तमानपत्रावर कापायचं, अंगाला लावून बघायचं, मग कापडाला कात्री. "कागद चुकला तर रद्दी, कापड चुकलं तर भांडण," असं म्हणायची. मग एका वर्षी तिनं शिवण एकदम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. आणि त्याच आठवड्यात मला बोलावून म्हणाली, "हिरे, आपुन मसाल्याचं दुकान टाकू. मिरची कांडायची मशीन तू बघायची. भाजणं, मिसळणं, गिऱ्हाईक माझ्याकडं." कापडातल्या बाईला हे मधेच काय सुचलं, असं मला वाटलं. पण मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि अक्कल बाराची. घराबाहेर पडायला मिळतंय एवढ्यावरच मी हो म्हणून बसले.

आता लोक धंदा काढताना वहीत लिहितात, आकृत्या काढतात. आपानं आमचं दुकान कापलं. खऱ्या मापाचं. घरामागची तिची खोली भाड्यानं ठरवलेल्या गाळ्याएवढीच होती, दोरी धरून तिनं ते आधीच मापून घेतलं होतं. तिनं वर्तमानपत्रं खळीनं जोडली आणि कात्रीनं काउंटर कापला, पोती कापली, शेगडी कापली, माझी मशीन कापली, आणि सगळं जमिनीवर जागच्या जागी मांडलं. काउंटरच्या पुढं तीन गोल तुकडे. "ही गिऱ्हाईकं," ती म्हणाली. मी हसून हसून खाली बसले तर म्हणाली, "ऊठ, धन्याच्या पोत्यावर बसलीस."

तीन महिने ते कागदी दुकान चाललं. मी रोज दुपारी जायचे. काउंटर ओलांडून गेलेलं तिला चालायचं नाही, वळसा घालूनच जायचं. पहिल्यांदा मजा वाटली. मग वाटेनाशी झाली. एकदा मी दारात पोचले तर आत ती कुणाशी बोलत होती. "नाकेश्वर संपलं, ताई. बुधवारी या... व्हय, तुमच्या सासूबाईला चालंल असाच कमी तिखट देते." डोकावले तर खोलीत ती एकटी. डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत तराजू धरल्यासारखा. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "हिरे, ताईला वाट दे." आणि मी मूर्खासारखी बाजूला झाले. माझ्या शेजारून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं झालं. दार उघडं होतं, वारा असणारच. पण अंगावर काटा आला तो घरी जाऊन चहा घेतला तरी गेला नाही.

मी तळेघरची. आमच्याकडे एसटी दिवसातून एखादी, बाकी चालणं. चालणाऱ्या माणसाला चकवा भेटतो हे आम्हाला अआइईच्या आधी शिकवतात. ओळखीच्या रानात माणूस त्याच त्या जागेभोवती फिरत राहतो, समोरचं दिसत नाही, नसलेलं दिसतं. आपाला घरच्या घरात चकवा लागलाय, अशी माझी पक्की खात्री झाली. मी चोळीत काळा दोरा बांधून जाऊ लागले. एवढ्यानं भागेना म्हणून एक दिवस तिला समोर बसवून मीठमोहरी उतरवली. ती मुकाट बसली. संपल्यावर म्हणाली, "मूठभर मोहरी घालवलीस बघ. आठ दिवसांची फोडणी झाली असती."

मग मी ती खोडी काढली. चकवा खरा का खोटा हे बघायचं म्हणून. ती धने निवडायला पुढच्या घरात गेली होती. मी कागदाची शेगडी उचलली आणि दाराकडं पाऊलभर सरकवून ठेवली. स्वच्छ ऊन खोलीत आलेलं होतं, शहाबादी फरशीवर तो कागद पांढरा फटक दिसत होता. आपा धन्याचं सूप घेऊन आली. शेगडीची जुनी जागा आली, तिथं नुसती फरशी होती, तिला तिनं पद्धतशीर वळसा घातला. आणि दुसऱ्या पावलाला सरळ कागदावर उभी राहिली.

कागद चुरचुरला. ती तशीच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. एक हात पुढं करून ती माझ्या खांद्याच्या पलीकडं बघत म्हणाली, "हिरे... मी शेगडीवर हाय का?"

मी जिथं उभी होते तिथं ती बघतच नव्हती. तीन महिने मी तिच्या डोळ्यांसमोर वावरले, हसले, दोरे बांधले, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. "कवापासनं?" मी विचारलं. "डावा रमजानच्या आधीच गेला. उजव्यात कडंकडंनं उजेड हाय, त्योबी जाईल म्हनला पुण्याचा डॉक्टर." "पोरांना सांगितलंस?" ती पहिल्यांदा चिडली. "सांगून काय? वाईट न्हाईत माझी पोरं. लई मायेनं कोपऱ्यात खाट टाकतील. चा आनून देतील, हात धरून मोरीपतोर नेतील. मी अठ्ठावन्नची नाय झाले अजून. किती वर्सं बसू त्या खाटेवर?" मग खाली वाकून तिनं चाचपडत तो कागद उचलला. "ह्यो तापत न्हाई म्हनून हितं शिकतीया. तिथं शेगडी खरी आसंल. तिथं कुनी आसली गंमत केली तर..." मी शेगडी जागेवर ठेवली. तिनं पायानं तपासली आणि म्हणाली, "चार बोटं आत." मी चार बोटं आत सरकवली.

दुकान उघडलं ते त्या कागदांवरून. सुतार आला, त्याला आपानं कागद अंथरून दाखवले. एवढी सोपी मजुरी आयुष्यात केली नाही म्हणाला. खरं सामान आल्यावर पहिल्या दिवशी ती दारातून आत आली आणि सरळ आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मला तर दरदरून घाम फुटला होता. घोडेगावपासून बायका यायला लागल्या. मसाला ती वासावर ओळखायची, मिरची कोणत्या उन्हात वाळली हे बोटांनी सांगायची, आणि माणूस पायरीवरच ओळखायची. "आपा नजरेनं जोखतात," असं बायका म्हणायच्या. मी मशीनमागं खाली मान घालून हसू दाबायचे. सुपली, कलथा, स्टूल, काही बोटभर हललं की मी जागेवर ठेवायचे. गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाच-सहा वर्षांनी घरात कळलं, पण तेव्हा बोलायला जागाच उरली नव्हती; दुकानावर घर चाललं होतं.

तिचा चाळीसावा झाल्यावर शबानानं दुकान उघडलं. मला विचारून तिनं काउंटर मधून उचलून कोपऱ्यात भिंतीला लावला. जागा मोकळी झाली, उजेड आला. बरोबरच होतं तिचं. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी बायका आल्या. एकेक जण दारातून आत यायची आणि मधल्या मोकळ्या फरशीला वळसा घालून कोपऱ्यात जायची. पायांची सवय, मी म्हटलं. शबानाही म्हणाली, "सवय हाय, मावशी." मग चारच्या सुमाराला एक नवीन नर्सबाई आली, नाशिककडून बदलून आलेली. आमच्या दुकानात कधी आलेली नव्हती, तसं तिनंच मागून सांगितलं. तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. फरशीवर एक खूण नव्हती. ती पर्समध्ये बघत बघत आत आली, मधे आली, थबकली, "सॉरी हं" असं कुणाला तरी हळूच म्हणाली, आणि बाजूनं वळून आमच्याकडे आली.

तिला पावशेर गोडा मसाला दिला. ती गेली. शबानानं माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे नाही. थोड्या वेळानं ती उठली आणि काउंटरची एक बाजू धरली.

"मावशी, तिकडनं धरा."

आम्ही तो कोपऱ्यातून उचलून मधे आणला. माप नव्हतं, खूण नव्हती. खाली टेकवला. मी उभी राहून जरा वाट बघितली... मग माझ्या बाजूनं चार बोटं आत सरकवला.