काळ्या घोंगडीपुढचा फोटो

सुजित आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. चाकणच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी लोकांचे फोटो काढतो. माझा फोटो काढताना त्याने मागे काळे कापड लावले, माझ्या गालाजवळ कॅमेरा आणला आणि कितीतरी वेळ आकडे फिरवत बसला.

मी म्हटले, "अरे, ऑटोवर टाक आणि मोकळा हो."

"नको काकू. एकदा टाकला होता."

मग त्याने सोजरबाईंची हकिगत सांगितली.

लातूरहून आला तेव्हा तो भोसरी गावठाणात धोंडीबा आणि सोजरबाई या वृद्ध जोडप्याच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होता. कंपनीतून उशिरा आला की दाराशी झाकलेली भाकरी असे. जुना का होईना, कॅमेरा घेतल्यावर पहिला फोटो सोजरबाईंचाच काढायचा असे त्याने ठरवले. अंगणातल्या भिंतीवर धोंडीबांची काळी घोंगडी टांगली आणि कॅमेरा ऑटोवर ठेवला. कॅमेऱ्याला जिकडेतिकडे काळेच दिसले. अंधार समजून त्याने उजेड जास्त घेतला. घोंगडी राखाडी झाली आणि सोजरबाईंचा सावळा चेहरा पांढराफटक. भर उन्हात छोट्या पडद्यावर ते सुजितच्या लक्षात आले नाही.

छापून आणलेला फोटो पाहून सोजरबाई हसत सुटल्या. "आरं, पिठाच्या गिरणीतनं आल्यागत दिसतीय की मी! आन् कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

"परत काढू आजी. येत्या रविवारी."

"काढ. पर त्या दिशी भाकऱ्या तू थापायच्या."

त्या रविवारी ओव्हरटाइम निघाला. पुढच्या रविवारी तो झोपून राहिला. मग कधी ढग, कधी पाहुणे. काय चुकले होते ते त्याला एव्हाना कळले होते. उजेड चेहऱ्यावर मोजायचा, मागचे काळे काळेच राहू द्यायचे. शेजारचे दार ठोठावायचे तेवढे राहिले. थंडीत सोजरबाई न्यूमोनियाने गेल्या.

भिंतीवर लावायला दुसरा फोटो नव्हता. बाकी सगळ्यांत त्या कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत, पदर पुढे ओढलेल्या. सुजितने लॅपटॉपवर तोच फोटो गडद करून पाहिला. चेहरा नुसता मळकट झाला. अंधारात राहिलेले थोडेफार वर काढता येते, पण उजेडात जळाले की तिथे काही उरतच नाही.

नातू रणजीत म्हणाला, "भावा, गोंदण वरून रंगवून टाक ना. कोण बघतंय?"

सुजितने धोंडीबांना विचारले, "आबा, गोंदण नेमकं कसं होतं?"

धोंडीबांनी स्वतःच्याच कपाळावर बोट ठेवले. "हितं... न्हाई, जरा खाली." बोट खाली आले, पुन्हा वर गेले आणि थांबले. "रोज बघत हुतो रं. ध्यानात कशापायी ठिवायचं?"

सुजितने लॅपटॉप मिटला. फोटो तसाच भिंतीवर लागला. सणासुदीला सून हार घेऊन येते, तेव्हा धोंडीबा म्हणतात, "हिला नगं. गोंदण न्हाई हिला."